गोबीतल्या अंडीचोराचा खटला



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "कर्नलसाहेब, फौजेतलं काहीतरी सांगा." निवृत्त फौजी म्हटलं की लोकांना सियाचिन नाहीतर कारगिल हवं असतं. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका चोरीच्या खटल्याबद्दल बोलणार आहे. आरोपीला मरून सात-साडेसात कोटी वर्षं झाली. निकाल १९२४ साली लागला. घटनास्थळ मंगोलियातल्या गोबी वाळवंटात आहे, आणि ते मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. खटला म्हटलं की फौजही थोडी येईलच, त्यामुळे संयोजकांनी काळजी करू नये.

मी महूला राहतो. निवृत्तीनंतर इथेच घर केलं. आमचा अकरा जणांचा एक गट आहे, इंदूरचे, बडोद्याचे, दोघं बंगळूरचे, सगळी मराठी मंडळी. वर्षाआड कुठेतरी जायचं असं ठरलेलं. २०१९ च्या सप्टेंबरात मंगोलिया ठरला. बाकीच्यांना चंगेजखान आणि घोडे बघायचे होते. मला बायनझाग बघायचं होतं. इंग्रजीत त्याला 'फ्लेमिंग क्लिफ्स' म्हणतात, म्हणजे पेटलेले कडे.

राजधानी उलानबातरहून छोट्या विमानानं दीड तासात दालनझादगाद. तिथून पुढे रशियन बनावटीच्या उंच गाड्या, त्यांना तिकडे फुर्गोन म्हणतात. रस्ता असा नाहीच. मैदानात चाकांच्या दहा-बारा वाटा शेजारी शेजारी पळत असतात, त्यातली एक ड्रायव्हर निवडतो आणि थोड्या वेळानं मोडून दुसरी धरतो. नकाशा नाही, होकायंत्र नाही. लांबच्या टेकडीकडे बघायचं आणि जायचं. मी बाडमेर-जैसलमेरच्या वाळूत तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे वाळवंट मला नवीन नव्हतं. पण गोबी म्हणजे थर नव्हे. वाळूच्या टेकड्या तिथे थोड्याच. बाकी सगळी खडी आणि कडक जमीन, त्यावर खुरटं गवत. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीसपर्यंत जातो. पाहुण्याला मीठ घातलेला दुधाचा चहा देतात. पहिल्या घोटाला आमच्यातल्या एका वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसऱ्या दिवशी त्याच मागून घेत होत्या.

बायनझाग या नावाचा अर्थ झाग नावाच्या झुडपांनी भरलेली जागा. काटक, वाकडीतिकडी झुडपं, आपल्या मारवाडातल्या खेजडीची आठवण करून देणारी. त्यांच्या पलीकडे जमीन एकदम तुटते आणि खाली लाल-नारिंगी कडे दिसतात. सह्याद्रीचा कडा डोक्यात घेऊन गेलात तर निराश व्हाल. उंची फार नाही, दगड मऊ, नखानं खरवडला तर वाळू होऊन हातात येतो. पण संध्याकाळी ऊन तिरपं झालं की आतून कुणीतरी चूल पेटवावी तसा तो कडा रंगतो. फोटोत ते येत नाही. मी शंभरएक काढले, एकही खरा नाही.

आमच्या वाटाड्यानं एक गंमत दाखवली. जमिनीवरचे दोन पांढरट तुकडे दाखवून म्हणाला, यातलं हाड कुठलं आणि दगड कुठला? कुणालाच सांगता येईना. मग त्यानं बोट ओलं करून एकेका तुकड्यावर टेकवलं. एकाला बोट नुसतं लागलं, दुसऱ्याला जरासं चिकटलं. चिकटलं ते हाड. हाडाच्या जाळीतली बारीक छिद्रं ओल शोषून घेतात. संशोधक म्हणे सरळ जीभ लावून बघतात. दोन्ही तुकडे त्यानं जागचे हलवले नाहीत. गुडघ्यावर बसून, तिथल्या तिथेच सगळं दाखवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत रॉय चॅपमन अँड्र्यूज नावाचा माणूस होता. १९०६ साली तिथे फरशी पुसायच्या कामावर लागला आणि पुढे त्याच संग्रहालयाचा संचालक झाला. १९२२ ते १९३० या काळात त्यानं मध्य आशियात मोहिमा नेल्या. कशासाठी? डायनासोरसाठी नव्हे. संग्रहालयाचे प्रमुख हेन्री फेअरफिल्ड ऑस्बोर्न यांचं मत होतं की माणसाचा उगम मध्य आशियात झाला. त्या आदिमानवाची हाडं शोधायला ही मंडळी निघाली. ती काही मिळाली नाहीत.

फौजी माणूस म्हणून मला त्या मोहिमेत सगळ्यात आवडली ती रसद. १९२२ मध्ये त्यांच्याकडे तीन डॉज मोटारी, दोन मालवाहू ट्रक आणि पंचाहत्तर उंट होते. शेकडो मैलांत पेट्रोल पंप नाही. मग पेट्रोल न्यायचं कसं? उंटांवर. उंटांचा तांडा कित्येक आठवडे आधी निघायचा, ठरल्या जागी थांबायचा आणि मोटारी मागून येऊन त्याला गाठायच्या. येताना पेट्रोलच्या जागी जीवाश्म. हाडं ठिसूळ, म्हणून पिठाची खळ आणि गोणपाट गुंडाळून त्यांचं प्लास्टर करायचं. खोक्यात गादी म्हणून काय? तर उन्हाळ्यात उंटांची लोकर गळते, ती उपटून भरायची. गाडीचं इंधन वाहणाराच जनावर परतीच्या मालाला गादी पुरवतो. आमच्या सप्लाय कोअरवाल्यांनी ऐकावं असं आहे.

१९२२ च्या सप्टेंबरात परतीच्या वाटेवर हे लोक रस्ता चुकले. अँड्र्यूज वस्तीवर वाट विचारायला गेला. तेवढ्यात मोहिमेचा फोटोग्राफर शॅकलफर्ड सहज भटकत गेला आणि या कड्याच्या काठावर पोचला. उतरला, तर एका सुळक्यावर एक कवटी. पुढे तिला प्रोटोसेराटॉप्स नाव मिळालं. मेंढीएवढा डायनासोर, पोपटासारखी चोच, मानेवर हाडाची झालर. त्याच संध्याकाळी अंड्याच्या टरफलाचा एक तुकडाही मिळाला. पक्ष्याचा असेल म्हणून ठेवून दिला. थंडी तोंडावर आलेली, थांबणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी परत यायचं ठरवून ते गेले.

१३ जुलै १९२३. जॉर्ज ओल्सेन जेवायला तंबूत आला आणि म्हणाला, मला अंडी मिळाली. बाकीचे हसले. गोल दगड असतील म्हणाले. जेवण झाल्यावर गेले आणि हसू थांबलं. लांबट, सुरकुतलेल्या टरफलाची अंडी, खडकात बसलेली. डायनासोर अंडी घालत होते, हे इतकं स्पष्टपणे त्यापूर्वी कुणी ओळखलं नव्हतं. अंडी कुणाची? त्या कड्यात सगळ्यात जास्त सापडत होता प्रोटोसेराटॉप्स. म्हणून ती त्याची, असं धरलं गेलं.

आणि त्याच अंड्यांच्या वर, जेमतेम चार इंचांच्या वाळूच्या थरावर, आपला आरोपी सापडला. लहानसा, दोन पायांवर चालणारा, दात नसलेली चोच असलेला, कवटी दबून मोडलेली.

१९२४ मध्ये ऑस्बोर्ननं त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर फिलोसेराटॉप्स. अर्थ ऐका. ओव्हिरॅप्टर म्हणजे अंडी लुटणारा. फिलोसेराटॉप्स म्हणजे सेराटॉप्स जातीवर, पर्यायानं त्यांच्या अंड्यांवर, प्रेम असलेला. म्हणजे नावातच आरोप, शिक्षा आणि टोमणा. घरट्यावर चोरी करताना पकडला गेला आणि तिथेच वाळूच्या वादळात गाडला गेला, अशी कथा तयार झाली. त्याच लेखात व्हेलोसिरॅप्टरचंही बारसं झालं. हो, तोच सिनेमातला. प्रत्यक्षात तो तुमच्या कमरेपर्यंतही येत नव्हता आणि त्याला पिसं होती. पण त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मी नोकरीत बऱ्याच कोर्ट ऑफ इन्क्वायरी पाहिल्या. कधी सदस्य म्हणून, कधी पीठासीन अधिकारी म्हणून. स्टोअरमधून ब्लँकेट गेली, गाडीतून डिझेल गेलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या मनात एक नाव तयार असतं. जो रात्री तिथे दिसला, तो. ड्यूटी असल्यामुळे तो तिथे दिसणं भागच होतं, हे तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात येतं. आपल्या आर्मी रूल्समध्ये १८० क्रमांकाचा नियम आहे. चौकशीत एखाद्या सैनिकाच्या चारित्र्याला किंवा लौकिकाला धक्का बसणार असेल, तर चौकशीभर त्याला हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची, आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी दिलीच पाहिजे. तरुणपणी हा नियम मला वेळखाऊ वाटायचा. पुढे पुढे वाटायला लागलं की पुस्तकातला सगळ्यात शहाणा नियम हाच असावा. ओव्हिरॅप्टरला नियम १८० नव्हता.

गंमत अशी की ऑस्बोर्नच्या मनात शंका होती. त्याच लेखात त्यानं लिहून ठेवलं की हे नाव या प्राण्याच्या खाण्याच्या सवयींबद्दल दिशाभूल करणारं ठरू शकतं. निकालपत्रात न्यायाधीशानं शंका नोंदवली आणि फाशीही दिली, तसं झालं हे. लोकांनी शंका वाचली नाही, नाव वाचलं. पुढची सत्तर वर्षं लहान मुलांच्या पुस्तकांत, संग्रहालयांच्या भिंतींवर हा प्राणी तोंडात अंडं घेऊन पळताना दाखवला गेला.

खटला पुन्हा उघडला १९९३ मध्ये. मंगोलियन विज्ञान अकादमी आणि तेच अमेरिकन संग्रहालय यांची संयुक्त मोहीम गोबीतच उखा तोल्गोद नावाच्या ठिकाणी काम करत होती. मार्क नॉरेल यांना तिथे एक अंडं मिळालं, हुबेहूब १९२३ च्या अंड्यांसारखं. फरक एवढाच की हे फुटलेलं होतं आणि आत पिल्लाची चिमुकली हाडं होती. प्रोटोसेराटॉप्सचं पिल्लू नव्हे, ओव्हिरॅप्टरच्या कुळातलं. म्हणजे १९२३ ची अंडी चोरीची नव्हतीच. आरोपी बहुधा स्वतःच्याच घरट्यावर होता.

त्याच ठिकाणी एक पूर्ण वाढलेला प्राणीही मिळाला. अंड्यांचं गोल कडं, मधोमध पाय दुमडून बसलेला, दोन्ही हात घरट्याभोवती पसरलेले. रवणावर बसलेली कोंबडी ज्यानं पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. वाळू अंगावर आली तरी तो उठला नाही, की उठायला वेळच मिळाला नाही, कोण सांगणार. या जातीला २००१ मध्ये नाव मिळालं सिटिपाटी. उच्चारावर जाऊ नका, शब्द आपला आहे. चितिपती, चितेचा स्वामी. तिबेटी-मंगोल बौद्ध परंपरेत चितिपती म्हणजे स्मशानात नाचणारे दोन सांगाडे. संस्कृत शब्द तिबेटमार्गे गोबीत गेला आणि तिथून एका डायनासोरला चिकटला.

मग प्रोटोसेराटॉप्सची अंडी गेली कुठे? त्याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं. त्यांचं कवच मऊ होतं, कासवाच्या किंवा सापाच्या अंड्यासारखं कातडी. अशी अंडी क्वचितच टिकतात. खऱ्या आईचा पुरावा विरून गेला होता आणि जो पुरावा शिल्लक होता तो तिच्या नावावर चढवला गेला होता.

ओव्हिरॅप्टर आता निर्दोष आहे, पण नाव तेच. शास्त्रीय नामकरणाचा नियम असा की पहिलं वैध नाव कायम, अर्थ चुकीचा निघाला तरी बदलत नाही. आमच्या सर्व्हिस रेकॉर्डमधल्या लाल शाईसारखं.

आता मुद्द्याकडे येतो. ही सुटका कशामुळे झाली? कुणाच्या हुशारीमुळे झालीच. पण त्याहून जास्त अशामुळे की कुठली वस्तू कुठे, कशाच्या वर, किती इंचांवर, कुठल्या थरात होती, याची नोंद होती. अंडं निराळं आणि सांगाडा निराळा कुणी उचलून नेला असता, तर एक सुंदर अंडं आणि एक मोडकी कवटी एवढंच उरलं असतं. दोघांचं नातं जमिनीत होतं. ते फक्त एकदाच वाचता येतं.

कड्यावरून परत येताना गाड्यांजवळ बायका-माणसं सतरंजीवर वस्तू मांडून बसली होती. उंटाच्या लोकरीचे मोजे, दगडाचे मणी, छोटी चित्रं. आमच्यातल्या एका गृहस्थांना एका पोरानं बाजूला घेतलं आणि मूठ उघडली. आत नखाएवढा तपकिरी तुकडा, वर बारीक खडबडीत नक्षी. अंड्याचं टरफल. किंमत आपल्या चारशे-पाचशे रुपयांएवढी. गृहस्थ हरखले. नातवाला न्यावं म्हणाले. वाटाड्यानं पाहिलं आणि त्या पोराशी काहीतरी बोलला. आवाज चढवला नाही. पोरगं निघून गेलं. आमचे गृहस्थ रागावले. "एवढासा तुकडा! इथे ढीग पडलेत, पावसात वाहून जायचेत." मी त्यांना म्हटलं, "काका, हाच हिशेब शंभर जणांनी केला तर?" रात्री तंबूत त्यावर बराच वाद झाला. त्यांचा मुद्दाही अगदी चुकीचा नव्हता. त्या पोराच्या घरात त्या पैशांत आठवड्याचं पीठ आलं असतं, आणि कायद्याची सगळी जबाबदारी गरिबाच्या मुठीवरच का? मला ते खटकतंच. पण मुठीतल्या तुकड्यापासून पुढे जी साखळी सुरू होते, ती कुठे पोचते ते ऐका.

मोल लावण्याची सुरुवात अँड्र्यूजच्याच मोहिमेनं केली. निधी हवा होता, म्हणून १९२३ च्या अंड्यांपैकी एकाचा जाहीर लिलाव केला. पाच हजार डॉलर आले. बातमी आशियात पोचली आणि मंगोलियन-चिनी अधिकाऱ्यांनी सरळ हिशेब केला की ही मंडळी आपल्या देशातून प्रत्येकी पाच हजारांची अंडी पेट्या भरभरून नेत आहेत. परवानग्या कठीण झाल्या. अँड्र्यूजला त्या लिलावाचा पुढे पश्चात्ताप झाला. त्यांचा संशय मी समजू शकतो. परदेशी माणूस तुमच्या सीमाभागात मोटारी घेऊन नकाशे काढत फिरतो, तर त्याची चौकशी करणारा अधिकारी त्याचं काम करत असतो.

आणि ताजी गोष्ट. मे २०१२, न्यूयॉर्क. टार्बोसॉरस बाटारचा सांगाडा लिलावात आला, चोवीस फूट लांब, टी-रेक्सचा आशियाई भाऊ. बोली दहा लाख डॉलरच्या वर गेली. आयातीच्या कागदांवर मूळ देश लिहिला होता ग्रेट ब्रिटन, किंमत पंधरा हजार डॉलर. पण मंगोलियन जीवाश्मशास्त्रज्ञ बोलोर्त्सेत्सेग मिंजिन यांना लिलावाची बातमी दिसली आणि त्यांनी आपल्या सरकारला सावध केलं. असे सांगाडे गोबीतच सापडतात आणि मंगोलियात जमिनीतला प्रत्येक जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचा असतो. त्यांचे राष्ट्राध्यक्ष मध्ये पडले. अमेरिकन सरकारनं खटला भरला, त्याचं नाव होतं 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध एक टिरॅनोसॉरस बाटार सांगाडा'. सांगाडा प्रतिवादी! २०१३ मध्ये तो सन्मानानं मायदेशी परतला. उलानबातरमध्ये जुन्या लेनिन संग्रहालयाच्या इमारतीत डायनासोर संग्रहालय उभं राहिलं. सांगाडा परत आला, पण तो नेमका कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी पडला होता, ते परत आलं नाही. चोरानं फक्त हाडं नेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मंगोलियाचं झालं. तर आपल्याकडे बघू या. भारतात डायनासोरची पहिली हाडं १८२८ मध्ये जबलपूरला मिळाली. शोधणारा फौजी होता, कॅप्टन विल्यम स्लीमन. तोच, ठगांचा बंदोबस्त करणारा. जागा बारा शिमला टेकडी, गन कॅरेज फॅक्टरीच्या शेजारी. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये मी त्या बाजूनं रोज जीपनं जायचो, आणि दोन वर्षांत एकाही माणसानं मला हे सांगितलं नाही. त्यातल्या मणक्यावरून १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव पडलं. पुढे तो मणका हरवला. जवळजवळ शतकानंतर, २०१२ मध्ये, कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या संग्रहातच तो पुन्हा सापडला.

आणि महूहून गाडीनं तीन-साडेतीन तासांवर, धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात, डायनासोरची घरटीच घरटी आहेत. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या पट्ट्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. त्याच वर्षाच्या शेवटी बातमी आली की पाडल्या गावातले लोक ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून शेताच्या बांधावर पुजत होते, ती टायटॅनोसॉरसची अंडी निघाली. वर्तमानपत्रांनी अंधश्रद्धा म्हणून थट्टा केली. मला ती आवडली नाही. नारळ फोडणाऱ्या त्या शेतकऱ्यानं दगड जपला, नातवाला दिला, विकला नाही. आणि आपल्या जीवाश्मांसाठी खास कायद्याचा मसुदा निघाला तो २०२२ साली. भैरव त्याच्या कितीतरी आधीपासून बंदोबस्ताला होता.

थंडी सुरू झाली की आमचा गट बाघला जाणार आहे. दोन दिवस, लेणीही बघायची आहेत. ते टरफलवाले काकाही येताहेत, नातवाला घेऊन. गाडीत दोन जागा शिल्लक आहेत, ज्यांना यायचं असेल त्यांनी संयोजकांकडे नाव द्यावं. अट एकच, निघताना खिसे तपासले जातील. मी स्वतः तपासणार.

आता प्रश्न असतील तर विचारा.